हिरव्या दोऱ्याचा पिंगळा

१

शनिवारी कॉलेज अर्ध्या दिवसात सुटायचं. पोरं सायकलींवर टांग मारून पसार झाली, की प्राणिशास्त्राच्या विभागात दोनच माणसं उरत. विभागप्रमुख प्रोफेसर वामनराव गद्रे आपल्या खोलीत चहा पीत बसत, आणि धर्मपाल मेलेल्या जनावरांवरची धूळ झाडत फिरे.

धर्मपाल तिथे डेमॉन्स्ट्रेटर होता. अमरावतीच्या त्या कॉलेजात लागून त्याला तीन वर्षं होत आली होती आणि तेवढी वर्षं तो हंगामीच होता. दर जूनला गद्रे सरांनी मान हलवली तर पुढचं वर्ष, नाहीतर घरचा रस्ता. कागदावर त्याचं काम मुलांना शिकवायचं. पण मेलेलं मुंगूस, साळिंदर किंवा घुबड विभागात आलं, की सर चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "धर्मपाल, हे तुम्हीच करा. तुमचा हात बसलेला आहे."

आता हा हात कुठे आणि कसा बसला असावा, याबद्दल सरांचा जो काही समज होता तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. सभ्य माणसं बोलत नाहीत, पण ज्याला झोंबायचं त्याला बरोबर झोंबतं. खरं तर कातडं काढायला धर्मपाल शिकला तो याच टेबलावर, सरांच्याच पुस्तकातून. त्याआधी त्याने सुरी हातात धरली नव्हती. पण हे सांगायचं कोणाला, आणि सांगून ऐकणार कोण?

पेटाऱ्यासारख्या त्या लांबट दालनाच्या कोपऱ्यात एक काचेचं कपाट होतं, आणि त्यात रानपिंगळा. साधा पिंगळा वऱ्हाडात कोणाला ठाऊक नाही? हा त्याचा रानातला भाऊबंद. याच्या डोक्यावर ठिपके नसतात, पायांवर दाट पांढरी पिसं असतात, आणि बाकीची घुबडं झोपतात तेव्हा हा भर उन्हात बसून ओरडतो. कोणा इंग्रज साहेबाने मेळघाटात मारून तो भरून ठेवला होता. साहेब गेला, राज्य गेलं, पिंगळा राहिला. पाऊणशे वर्षांत कोणाला तसा दुसरा दिसला नव्हता. पायाशी चिठ्ठी होती: 'रानपिंगळा. नामशेष.' अक्षर धर्मपालचंच.

तो नोकरीला लागला तेव्हा या पिंगळ्याचं पोट कसरीने खाऊन उघडं पडलं होतं. आतला भुसा गळत होता. सरांनी हुकूम सोडला, "नीट करा." विभागात कापूस नव्हता. त्याच वर्षी धर्मपालची आई, केशरबाई, गेली होती. तिने हाताने शिवलेली गोधडी त्याच्या खोलीवर होती, आणि तिच्या शिवणाच्या डबीतला दोरा. गोधडीच्या फाटक्या कोपऱ्यातून त्याने मूठभर कापूस काढला आणि पिंगळ्याच्या पोटात भरला. पांढरा दोरा संपला होता म्हणून हिरव्यानेच शिवलं. आई घालायची तसा टाका घातला आणि शेवटी तिच्यासारख्याच दोन गाठी मारल्या. पिसं खाली केल्यावर काही दिसत नव्हतं. डोळ्यांत पिवळे काचमणी बसवले आणि पाय तारेने फांदीला आवळले.

त्या शनिवारी त्याने कुलूप काढलं तेव्हा फांदीखाली काहीतरी पडलेलं होतं. करंगळीच्या पेराएवढी करडी गोळी. घुबडं भक्ष्य सबंध गिळतात आणि हाडं, केस, खवले यांची गोळी करून ओकून टाकतात. मुलांना हे तो दरवर्षी शिकवायचा. त्याने गोळी उचलली. ती ओली होती. बोटांनी फोडली तर आत पालीचा जबडा निघाला.

उंदराने आणून टाकली असेल म्हणावं, तर कपाटाला फट नव्हती. कोण्या पोराचा चावटपणा म्हणावा, तर चावी एकच, आणि ती त्याच्या स्वतःच्या करगोट्याला. त्याने पिंगळ्याकडे पाहिलं. पिंगळा होता तसाच होता. धर्मपालने गोळी खिडकीबाहेर फेकली, हात धुतले आणि कपाट बंद केलं.

२

या पिंगळ्याचं आणि धर्मपालचं आणखी एक प्रकरण होतं. दिवाळीनंतर तो मुलांची सहल घेऊन मेळघाटात सेमाडोहला गेला होता. तिथे डाकबंगल्यामागच्या वाळक्या सागावर भर दुपारी त्याला एक पिंगळा दिसला. ठिपके नसलेलं डोकं, पांढरे पाय, उन्हात शेपटी झटकत बसलेला. पोरं गलका करत आली आणि तो उडाला. एवढंच. पण धर्मपालला दोन रात्री झोप लागली नाही. जगाने ज्याला मेलेला म्हणून सोडून दिलं, तो जिवंत आहे, आणि ते आपल्याला ठाऊक आहे!

गद्रे सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दिसला म्हणून भागत नाही हो. उद्या मला देव दिसेल. कातडं आणा."

"सर, तो एकटाच असला तर?"

"मग तर आणायलाच हवं. तो आहे हे सिद्ध करायचं तर तो टेबलावर पाहिजे. शास्त्राची पद्धत आहे ती, मी नाही काढलेली." मग सर मऊ झाले. "हे बघा, शोध तुमच्या नावावर जाईल. रानपिंगळा पुन्हा शोधणाऱ्याला हंगामी ठेवायची कोणाची छाती आहे? जूनपासून कायम. हे कातड्याचं टेबल दुसऱ्या कोणाला देऊ. तुम्ही वर्गावर जायचं."

वर्गावर जायचं, हे शब्द धर्मपालच्या डोक्यात घण घातल्यासारखे बसले. त्या टेबलावरून उठायची एकच वाट होती आणि तीही त्याच टेबलावरून जात होती.

जानेवारीत, एकसष्ट साल नुकतंच लागलं होतं, तो आधी गावी गेला. गाव अंजनगाव सुर्जीच्या पलीकडे. बाप देवमन ओट्यावर उन्हात बसला होता. हा देवमन छप्पन साली दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि आल्या दिवशी त्याने घरातली सुरी विहिरीत टाकली. गावात बैल मेला, पाटलाचा माणूस बोलवायला आला, तर हा म्हणाला, "तुमचा बैल हाये, तुमीच वढा." मग गावाने काम बंद केलं, दळण बंद केलं, रस्ता बंद केला. देवमन वाकला नाही. रोज सकाळी तो पाच शीलं म्हणायचा, आणि पहिलं, जीव न मारण्याचं, जरा मोठ्याने म्हणायचा.

"काय शिकवतो रे पोट्ट्याइले?" त्याने विचारलं.

"पाखरं शिकवतो बावा. जनावरं."

"जिती का मेली?"

"पुस्तकातली," धर्मपाल म्हणाला.

"बेस हाये. आता कायम होय एकडाव. मंग तुह्यासाठी पोरगी पाहाले मी मोकळा." म्हातारा हसला. "लोकाइले सांगतो ना मी, माहा धर्मा मास्तर हाये. माह्या घरात सुरी नाई आता."

धर्मपालने माळ्यावरून लहानपणची गलोल काढली. बंदुकीच्या छऱ्यांनी कातड्याची चाळण होते, गलोल बरी, असं सरांचं म्हणणं होतं. बापाने ती पाहिलीच.

"हे काहून घेतली?"

"पोट्ट्याइले दाखवाले."

देवमनने पुन्हा उन्हाकडे तोंड केलं. त्याने विश्वास ठेवला. तेच धर्मपालला वाटेत परतवाड्यापर्यंत डाचत राहिलं.

३

सेमाडोहच्या डाकबंगल्यावर शालिकराम नावाचा चौकीदार होता. चहा पाजायचा आणि चहापेक्षा जास्त गप्पा पाजायचा. वाघ, अस्वल, साहेब लोक, साहेबांच्या बाया, सगळ्यांचे किस्से त्याच्याकडे तयार. पिंगळ्याचं नाव काढल्यावर मात्र तो जरा थांबला.

"दिवसा बोलते तो? हाये ना. रोज बोलते. तिथीच त्या वाळल्या सागावर."

"पयलेपासून आहे का इथे?"

"नाई जी. दोन-तीन वर्सं झाले. त्याच्या पयले म्या नाई पाह्यला. अन् एकटाच हाये. जोडी नाई त्याची."

धर्मपालला उगाच मोजावंसं वाटलं, की दोन-तीन वर्षांमागे आपण काय करत होतो. पण त्याने मोजलं नाही. माणसाला काही हिशेब नको असतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज आला. मोठा, गोड म्हणावा असा, मधूनच तुटणारा. ऊन लख्ख होतं. सागाची मोठी पानं जमिनीवर कुरकुर वाजत होती, आणि त्या उघड्या, उजेडाने भरलेल्या रानात लपायला कुठेच जागा नव्हती. भीती वाटावी असं तिथे काहीच नव्हतं. तरी धर्मपालच्या मानेवर काटा आला.

पिंगळा फांदीवर होता. पायाखाली पाल धरून तो तिचे लचके तोडत होता. शालिकराम धर्मपालच्या मागेच उभा होता आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "पाहा कसा खाऊन राह्यला बेटा."

पाल संपली. पिंगळ्याने चोच फांदीला पुसली, मान फिरवली आणि धर्मपालकडे पाहिलं. पाहिलं आणि पाहतच राहिला. रानातलं पाखरू माणसाची नजर लागली की उडतं. हा उडाला नाही. उलट फांदीवर जरा पुढे सरकला, जसं ओळखीचं कुत्रं हाकेआधीच उठून बसतं.

त्या क्षणी धर्मपालने गलोल खाली केली असती तर? पुढे कितीतरी वेळा त्याने स्वतःला हे विचारलं. पण त्या क्षणी त्याला टेबल दिसत होतं, कातड्याला चोळायच्या सोमलाच्या विषारी साबणाचा वास येत होता, आणि तुमचा हात बसलेला आहे, हे ऐकू येत होतं. त्याने रबर ताणलं आणि सोडलं.

खडा बरोबर बसला. पिंगळा पडला. पडल्याचा आवाज मात्र आला नाही. वाळलेल्या पानांवर साधी खार उतरली तरी खडखडते. धर्मपाल धावत गेला. पिंगळा उताणा पडला होता, आणि रक्ताचा थेंब नव्हता. त्याने तो उचलला. हातात काही आहे असं वाटेना, इतका तो हलका होता.

४

बंगल्याच्या ओसरीत टेबल होतं. त्यावर वर्तमानपत्र पसरून धर्मपालने पेटी उघडली. कातडं ताजेपणीच काढावं लागतं. उन्हाची तिरीप बरोबर टेबलावर पडली होती.

आधी डोळे. मघाशी हे डोळे मिटत होते, उघडत होते. आता त्याने चिमट्याचं टोक हळूच लावलं. टक्, असं वाजलं. काच.

तो खुर्चीवर बसला. उन्हात फिरून माणसाला भोवळ येते, कानात आवाज येतात, असं त्याने स्वतःला सांगितलं. आणि मग पोटावरची पिसं फुंकर मारून बाजूला केली. सरळ रेषेत शिवण होती. हिरव्या दोऱ्याची. शेवटी दोन गाठी.

हिरव्या दोऱ्याची हजार रिळं बाजारात असतात. दोन गाठी मारणाऱ्या हजार बाया असतात. हे सगळं त्याने मनात नीट मांडलं, शहाण्या माणसासारखं. पण सेमाडोहच्या रानातल्या पाखराच्या पोटावर यांतली कोणती बाई टाके घालायला गेली होती? त्याने गाठ कापली. शिवण आपसूक सुटत गेली. आत मांस नव्हतं, आतडी नव्हती. कापूस होता. हाताने पिंजलेला, पिवळट पडलेला, आणि त्यात एक चपटी सरकी राहून गेलेली. गोधडीत अशा सरक्या लहानपणी त्याच्या पाठीला टोचायच्या.

कापूस गरम होता. उन्हाने असेल. त्याने बोटं आत घातली, तर आतून जास्त गरम होता.

शालिकराम चहा घेऊन आला आणि टेबलापाशी थबकला.

"हा तं भरलेला हाये साहेब."

"तुम्ही पाहिलंत ना? फांदीवर? पाल खाताना?" धर्मपालचा आवाज चढला होता.

"पाह्यलं ना. खोटं काहून बोलू? माह्या डोयानं पाह्यलं." शालिकरामने एकदा कापसाकडे आणि एकदा सागाकडे पाहिलं. "मंग ते पाल कोठी गेली?"

धर्मपालने चिमट्याने कापूस बाजूला सारला. तळाशी, कापसाच्या आत, पालीची शेपटी होती. तुटलेली, अजून वळवळत असलेली.

शालिकरामने चहा ओसरीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. त्यानंतर धर्मपाल तिथून जाईपर्यंत तो टेबलाजवळ आला नाही, आणि एकही किस्सा त्याने सांगितला नाही.

धर्मपालने कापूस होता तसा आत दाबला. का कोण जाणे, पेटीतला पांढरा दोरा त्याला घ्यावासा वाटला नाही. तोच हिरवा दोरा सुईत ओवून त्याने पोट शिवून टाकलं.

५

सोमवारी तो सगळ्यांच्या आधी कॉलेजात पोचला. दालनात खिडक्यांतून ऊन आलं होतं. कपाटाचं कुलूप लावलेलं होतं. आत फांदी होती, चिठ्ठी होती, आणि फांदीवर तारेची पिळून मोकळी झालेली टोकं होती. पिंगळा नव्हता.

असं होईल हे त्याला सेमाडोहलाच कळलं होतं. तरी काचेला कपाळ टेकवून तो बराच वेळ उभा राहिला. आता काय करायचं? सरांना म्हणायचं, हा घ्या ताजा मारलेला? कोणीही पोट उघडलं की कापूस निघणार. खरं सांगायचं? खरं काय, हेच त्याला माहीत नव्हतं. तेव्हा हा निमूट पहिल्या जागी बसवावा, आणि सरांना सांगावं की काही मिळालं नाही. नाव नाही, वर्ग नाही, पण नोकरी तरी राहील. त्याने कुलूप काढलं आणि थैलीतून पिंगळा बाहेर घेतला.

"आलात का? मिळाला?"

गद्रे सर दारात उभे होते. त्यांना राहवलं नव्हतं, म्हणून तेही लवकर आले होते. उघडं कपाट, रिकामी फांदी, धर्मपालच्या हातातला पिंगळा. सरांनी तिन्ही गोष्टी एकामागून एक पाहिल्या. त्यांचा आनंद कसा मावळत गेला ते धर्मपालला स्पष्ट दिसलं.

"द्या इकडे." त्यांनी पिंगळा उलटा केला, पिसांवर फुंकर मारली. "हा तुमचाच टाका. हिरवा दोरा. मी तेव्हाच म्हटलं होतं, पांढरा वापरा."

"सर, हा रानात होता. उडत होता. मी गलोलीने..."

"धर्मपाल."

"चौकीदार होता बरोबर. त्याने पाहिलंय. त्याला बोलवा."

"डाकबंगल्याच्या चौकीदाराला विचारून आता आपण प्राणिशास्त्र ठरवायचं?" सर खुर्ची ओढून बसले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. "कपाटातला पक्षी न्यायचा, दोन दिवसांनी ताजा म्हणून आणायचा. घाई कळते मला तुमची. कायम व्हायचं होतं. पण तुमच्याकडून हे व्हायला नको होतं. लोक आधीच बोलायला टपलेले असतात. आम्ही तुम्हा लोकांना घेतो, संधी देतो, आणि मग हे."

धर्मपालच्या अंगाची लाही लाही झाली. तुम्हा लोकांना! पण चावी त्याच्या करगोट्याला होती, टाका त्याच्या आईचा होता आणि पक्षी त्याच्याच हातात सापडला होता. चोरापाशीही यापेक्षा कमी पुरावा सापडतो.

"मी कोणाला सांगणार नाही," सर म्हणाले. "पोलीस नाही, संस्था नाही. मी काही वाईट माणूस नाही. तुम्ही इथेच राहाल, याच टेबलावर. फक्त कायमचं आणि वर्गाचं आता पुन्हा काढायचं नाही. हा नीट बसवा. तार जरा जाड घ्या या वेळी."

दुपारपर्यंत पिंगळा फांदीवर बसला. पायाशी चिठ्ठी होतीच.

६

दर शनिवारी फांदीखाली एक गोळी सापडू लागली.

धर्मपाल ती कोणी यायच्या आत उचलायचा. फोडून पाहायचं त्याने सोडून दिलं. दुपारच्या सुट्टीत, ऊन चढलं की, मैदानाकडच्या कडुनिंबावर एक आवाज यायचा. मोठा, गोड, मधूनच तुटणारा. पोरं त्याखाली सायकली लावत, बिड्या ओढत, वर कोणी बघत नसे. धर्मपाल त्या वेळेला दालनात जायचं टाळायचा. तेव्हा कपाटात काय असतं, फांदीवर कोणी असतं की नुसती जाड तार, हे पाहायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. डबा घेऊन तो फाटकाशी जाऊन बसायचा.

कधी कधी त्याच्या मनात यायचं की सरांना हात धरून त्या कडुनिंबाखाली न्यावं. पण सर काय म्हणतील हेही त्याला पाठ होतं. कातडं आणा. म्हणजे पुन्हा गलोल, पुन्हा तीच शिवण, पुन्हा तोच गरम कापूस. हा जिवंत आहे हे दाखवायला त्याला किती वेळा मारायचं? आणि मारल्यावर तो मेलेलाच होता असं ठरणार असेल, तर कशासाठी? दर जूनला सरांनी मान हलवली आणि दर जूनला त्याने "आभारी आहे सर" म्हटलं.

दोन वर्षांनी, हिवाळा सरता सरता, देवमन अमरावतीला आला. त्याच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता आणि म्हाताऱ्याला जग नव्याने दिसू लागलं होतं. दवाखान्यातून तो विचारत विचारत थेट कॉलेजात गेला. फाटकावर त्याने मोठ्या तोऱ्यात विचारलं, "धर्मपाल मास्तर कोठी शिकवतात?" शिपायाला आधी कळेनाच. मग तो म्हणाला, "हां हां, ते कातडंवाले का? जा असे सिधे."

धर्मपालच्या समोर टेबलावर रानमांजर होतं. कोपरापर्यंत हात साबणाने बरबटलेले, उजव्या हातात सुरी. वर पाहिलं तर दारात बाप. धुतलेलं धोतर, डोक्याला फडकं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, काखेत भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. गद्रे सरांच्या खोलीचं दार दोन हातांवर उघडं होतं.

देवमनने सुरीकडे पाहिलं. मांजराकडे पाहिलं. मग पुन्हा सुरीकडे. रागावला असता, शिव्या दिल्या असत्या, तर धर्मपालने पाय धरले असते. म्हाताऱ्याने फक्त मान वळवली, जणू लेकाला उघडं पाहिल्याची लाज वाटली, आणि ती वळलेली नजर कोपऱ्यातल्या कपाटावर गेली.

तो काचेजवळ गेला. पट्टी वर सारून नव्या डोळ्याने निरखून पाहू लागला.

"धर्मा," तो म्हणाला, "हे पाखरू जितं हाये."

धर्मपालने सुरी वर उचलली.

"त्यानं डोया मिटला आता. पाह्य ना इकडे. मान फिरवून राह्यलं." म्हाताऱ्याचा आवाज मोठा होत चालला. "याले काहून कोंडलं बावा तुमी? तारेनं काहून बांधलं?"

आतल्या खोलीत कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला. सर ऐकत होते.

सगळ्या जगात दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तेच म्हणत होतं जे त्याने पाहिलं होतं. आणि ते म्हणणारा त्याचा स्वतःचा बाप होता. धर्मपालला एकदम वाटलं, धावत जावं, म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवावा, म्हणावं, हो बावा, जिता हाये, मले मालूम हाये. तीन पावलांचं काम होतं. जून महिना चार महिन्यांवर आला होता.

"तो मेलेला आहे," धर्मपाल म्हणाला. बापाशी तो अशा भाषेत आजवर बोलला नव्हता. "पाऊणशे वर्षं झाली. तिथे लिहिलंय."

देवमनला वाचता येत नव्हतं. त्याने चिठ्ठीकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं, आणि शेंगांची पिशवी दाराशी, भिंतीला टेकवून ठेवली.

"तू म्हनतो तं असन," तो म्हणाला. "तू शिकेल हायेस."

तो वळला आणि निघाला. लांब व्हरांड्यात त्याच्या वहाणांचा आवाज दूर दूर जाऊ लागला. धर्मपाल टेबलावर वाकला. त्याने सुरीचं टोक मांजराच्या छातीवर ठेवलं. तेवढ्यात पाठीमागून, कोपऱ्यातून, काचेवर आतल्या बाजूने चोच आपटल्याचा आवाज आला. एकदा. थांबून पुन्हा. त्या आवाजाला घाई नव्हती. त्याला ओळख होती.

"कोण आहे हो तिकडे?" गद्रे सरांनी आतून विचारलं.

व्हरांड्यातली पावलं अजून पुरती विरली नव्हती. काचेवर पुन्हा टकटक झाली.

"कोणी नाही, सर," धर्मपाल म्हणाला.